डेव्हिएशनमध्ये पास झालेली भाची

मदन महल, जबलपूर
१५ जून २०२५

प्रिय वेदू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा आहे तसाच कुरकुरतोय आणि विपुलचं वजन आहे तसंच वाढतंय. पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू मला सापडतच नाहीस. मी बोलायला लागले की तू “हां दीदी, ठीक, क्लास है” म्हणतोस आणि ठेवून देतोस. भाचीचा फोटो पाठवला की त्यावर अंगठा येतो. सुखदा हसली, अंगठा. सुखदा पालथी पडली, अंगठा. परवा माझ्याकडून चुकून गॅस सिलिंडरच्या पावतीचा फोटो तुला गेला, तर तिलाही अंगठा! तेव्हाच ठरवलं, या माणसाला आता कागदच पाठवायचा. रायपूरला बसून पोरांना फिजिक्स शिकवणाऱ्या मास्तरला बहिणीचं पत्र तरी शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तर आधी भाचीचं ऐक. डिसेंबरात आली तेव्हा मटारच्या शेंगेएवढी होती असं आई म्हणते. आता उचलून घेतली की विपुल कंबर धरतो. आवाज थेट बाबांचा. बाबा इथल्याच गोरखपूर भागातल्या आपल्या घराच्या गॅलरीतून हाक मारायचे आणि बाजारातली निम्मी माणसं वळून पाहायची, आठवतं? तशीच ही ओरडली की खालच्या मजल्यावरच्या तिवारी आंटी “क्या हो गया बिटिया को” म्हणत जिना चढून येतात, आणि हिला हसताना पाहून माझ्यावरच संशय घेतात. सध्याचा छंद म्हणजे कूलरसमोर मांडीवर बसून तोंड वासायचं आणि आपलाच आवाज थरथरताना ऐकायचा. लाइट गेली की कूलरकडे पाहून अशी भुवई चढवते की विपुल वीज मंडळात असल्याबद्दल तिची माफी मागतो. आणि कान मात्र तुझे. तेच, वाऱ्यावर उभे राहिलेले. सासूबाई रोज तेल लावून ते चापून बसवतात, ते रोज पुन्हा उभे राहतात. मी म्हणते, राहू द्या, मामावर गेलेत.

आमच्या गुणवंतरावांचं तर विचारूच नकोस. (सासऱ्यांचं नाव असं घेतलं हे सासूबाईंना कळू देऊ नकोस.) लष्करी गाड्यांच्या फॅक्टरीतल्या इन्स्पेक्शन विभागातून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी हाताची सवय गेलेली नाही. भाजीवाल्याचा भोपळा ठोकून बघतात, माझी पोळी उजेडाला धरून बघतात. आता नातीचा दात कुठून वर येतोय ते टॉर्च लावून बघतात आणि सासूबाईंना गंभीरपणे सांगतात, “खालून दोन, लेव्हलमध्ये आहेत.” नात म्हणजे त्यांची सगळ्यात अवघड आणि सगळ्यात लाडकी तपासणी. तिला ते काय म्हणून हाक मारतात ते पुढे सांगते. ते ऐकून तू हसला नाहीस तर माझं नाव श्रद्धा नाही.

पण मी नुसतं कौतुक करायला बसलेली नाही, हे तुला कळलं असेलच. मागच्या वर्षी मार्चमध्ये तुला सोडायला मी मदन महल स्टेशनवर आले होते. चिवड्याची पिशवी तुझ्या बॅगेत कोंबत होते, तेव्हा तू अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं विचारलंस, “दीदी, मेरे टाइम पे ये टेस्ट होता तो?” मी चिवड्याच्या पिशवीची गाठ पुन्हा बांधत बसले. मग तूच गाडीच्या लेट होण्यावर बोलायला लागलास आणि मला त्यातून सोडवलंस. सव्वा वर्ष झालं वेदू. तू भाचीच्या जन्माला आला नाहीस, बारशाला आला नाहीस, होळीला नाहीस, बाबांच्या तिथीला नाहीस. दर वेळी क्लास, दर वेळी टेस्ट सिरीज. तू त्या एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय येणार नाहीस, हे मला माहीत आहे. आणि मला भाऊ परत पाहिजे. म्हणून आज उत्तर देते. पण मी दीदी आहे, सरळ उत्तर कशी देईन, आधी सगळी गोष्ट ऐकवीन. तुला ती अर्धीच माहीत आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा आपल्या घरात पत्रिका पाहिली, गुण मोजले, विपुलची नोकरी पाहिली, नागपूरच्या काकांनी त्यांच्या घरी जाऊन चहात साखर किती घालतात तेही पाहिलं. रक्त कोणी पाहिलं नाही. घरात तू असून नाही! सिकलसेल म्हणजे वेदूचं दुखणं, श्रद्धा तर धडधाकट, असं आईने धरून टाकलेलं. आई आणि बाबा दोघंही वाहक होते, दोघांकडून त्या आजाराच्या जनुकाचा एकेक दाणा आला तर आजार, एकाच बाजूचा आला तर नुसता वाहक, हे तुला डॉक्टरांनी लहानपणीच समजावलं होतं. तुझ्या वाट्याला दोन्ही दाणे आले, माझ्या वाट्याला एक. मी कधी शिंकलेसुद्धा नाही त्यापायी. मग मूल हवं म्हणून डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी भावाच्या आजाराचं ऐकून दोघांचं रक्त तपासलं, आणि विपुलही वाहक निघाला. पत्रिकेतले अठ्ठावीस गुण जुळले होते, हा एकोणतिसावा. चारात एक मूल तुझ्यासारखं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. विपुल घरी येताना स्कूटरवर म्हणाला, तीन तर बरेच ना गं मग. मी त्याला स्कूटर थांबवायला लावली. म्हटलं, तू वेदूला फक्त हसताना पाहिलं आहेस.

ते खरंच आहे. तू लोकांना हसतानाच दिसतोस. मला आठवते ती तुझ्या आठवीतली दिवाळी. पाहुणे फराळाला बसलेले, आणि आतल्या खोलीत तुझे पाय असे दुखत होते की तू उशी दातात धरली होतीस, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आई गरम पाण्याची पिशवी बदलत होती आणि मध्येच बाहेर जाऊन लोकांना चकली वाढत होती. मी तुझा अंगठा धरून बसले होते, आणि तू मला म्हणालास, तू जा, तुझा लाडू संपवतील. मला त्या दिवसापासून लाडू नीट गिळला जात नाही. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून आम्ही नेपियर टाउनच्या क्लिनिकमध्ये संपदा मॅडमकडे गेलो. त्यांनी सांगितलं की बाहेर भ्रूण तयार करायचे, पाचव्या दिवसापर्यंत वाढवायचे, मग प्रत्येकाच्या बाहेरच्या आवरणातल्या चार पेशी काढून तपासायला पाठवायच्या, आणि आजार नसलेला पोटात सोडायचा. भिंतीवर मोठी पाटी होती, मुलगा की मुलगी ते सांगितलं जाणार नाही. सासूबाईंनी ती पाटी दोनदा वाचली आणि सुस्कारा सोडला. पुढचं तुला माहीत आहे. तपासणी बसवायला घरातल्या आजारी माणसाचं रक्त लागत होतं, आजार कोणत्या वाटेने उतरला ते ओळखायला. बाबा तर नाहीत, मग तुझ्या रक्तावर सगळी मदार. तू क्लास सोडून आलास, बाही वर केलीस आणि सिस्टरला म्हणालास, ले लो, अपने पास इसका फुल स्टॉक है. ती बिचारी इतकी हसली की तिला शीर सापडेना. घरी गुणवंतरावांनी तुझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं की फॅक्टरीत एक मास्टर पीस असतो, कपाटात जपून ठेवलेला, त्याच्याशी ताडून बाकीचे सगळे तपासतात, तू आमचा मास्टर पीस. तेव्हा तूही हसला होतास. मी पाहिलं होतं, मनापासून हसला होतास.

त्याच वेळी सासू-सासऱ्यांचंही रक्त घेतलं होतं, विपुलकडे हा दाणा कोणाकडून आला ते बघायला. सासूबाईंनी आपल्या माहेरची सात पिढ्यांची शुद्धता आधीच जाहीर करून टाकली होती. आणि या वेळी त्या खऱ्या ठरल्या! वाहक निघाले दस्तुरखुद्द इन्स्पेक्टरसाहेब. दोन दिवस त्यांनी एकही पोळी उजेडाला धरली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पस्तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासला, माझा कोणी तपासलाच नाही.

माझ्या सुयांचे दिवस मी तुला पुन्हा ऐकवत नाही. पोट चाळणी झालं होतं आणि स्वभाव मिरची, विपुलला विचार. पाचव्या दिवशी तीन भ्रूण उरले. संपदा मॅडमनी पडद्यावर दाखवले. मला वाटलं होतं काहीतरी बाळासारखं दिसेल, तर साबुदाणे! भिजलेले, टपोरे. त्यांना मायक्रोस्कोपखाली पाहून श्रेणी देतात, पेशींचा गोळा किती भरीव, आवरण किती नीट, यावर. एक अव्वल श्रेणीचा, एक चांगला, एक जेमतेम. बस्स, गुणवंतरावांची कळी खुलली. इतके दिवस ही डॉक्टरी त्यांच्या डोक्यावरून जात होती, आता मॅडम त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या होत्या. घरी येऊन त्यांनी विपुलला क्वालिटीवर एक तासाचं लेक्चर दिलं, आणि अव्वल नंबरचा सोडायचा हे आपल्यापुरतं पक्कं करून टाकलं. मॅडमनी बजावलं होतं की श्रेणी म्हणजे फक्त रुजण्याची उमेद, आजाराचं त्यातून काही कळत नाही, ते रिपोर्टमधून येईल. पण ते कोण ऐकतो.

रिपोर्ट आला फेब्रुवारीत. जेमतेम श्रेणीचा होता, त्यात सिकलसेलचा दाणा नव्हताच, साफ. चांगला होता तो वाहक, माझ्यासारखा, विपुलसारखा. आणि तिघांत सगळ्यात सुरेख, अव्वल नंबरचा जो होता, आजार त्यालाच होता.

आईने यातलं एवढंच ऐकलं की एक साफ आहे. आणि त्याच आठवड्यात नर्मदा जयंती! आईला धीर कुठला. भ्रूण अजून क्लिनिकच्या टाकीत गोठलेले, माझ्या पोटात काही नाही, आणि ही नर्मदेला या काठापासून त्या काठापर्यंत नवसाची चुनरी चढवायला ग्वारीघाटावर निघाली. पीक उभं राहायच्या आधी कणगी लिंपणारी बाई आहे आपली आई. साड्यांना साड्या बांधल्या, एक टोक नावेत, एक टोक काठावर. काठावरचं टोक धरायला घरातला पुरुष पाहिजे म्हणून तू गुडघाभर पाण्यात उतरलास. गार पाणी तुझ्यासाठी विष, मी किती ओरडले. आणि तू तिथे उभा असताना आई हात जोडून पंडितजींना म्हणाली, “महाराज, मैया ने सुन ली. अब हमारे घर में वैसा बच्चा कभी नहीं होगा.”

मी तुझ्याकडे पाहिलं. तू चुनरीचं टोक सोडलं नाहीस. नाव पलीकडे जाऊन परत येईपर्यंत तसाच उभा राहिलास, मग वर आलास, पेढा खाल्लास, आईला वाकून नमस्कार केलास. आणि पंधरा दिवसांत रायपूरची नोकरी घेतलीस. तू भांडला असतास तर बरं झालं असतं रे. तू भांडत नाहीस हा तुझा फार मोठा अवगुण आहे.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तुझी गाडी गेली त्यानंतरच्या आठवड्यात आम्हाला निवड करायची होती. मॅडम म्हणाल्या, साफ आहे तो कमजोर आहे, रुजण्याची आशा थोडी. वाहक आहे तो चांगला भरीव आहे, आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे, तुम्ही दोघं माझ्यासमोर धडधाकट बसला आहात. आम्ही घरी आलो. सासूबाई ऐकेनात. त्यांचं एकच, “ज्याच्यात काहीच नाही तो काहून नको? डाग असलेला काहून घेऊन राहिले तुम्ही?” विपुल कधी आईकडे बघतो, कधी माझ्याकडे. तेवढ्यात गुणवंतराव खुर्चीतून म्हणाले, फॅक्टरीत एखादा पार्ट नकाशापेक्षा किंचित वेगळा यायचा. कामाला एक नंबर, फक्त नकाशासारखा नाही. तो आम्ही फेकत नव्हतो. डेव्हिएशनमध्ये पास असा शेरा मारून सही करायचो, आणि त्याच पार्टवर गाडी लडाख चढून यायची. सासूबाई म्हणाल्या, गाडी वेगळी आणि नातवंड वेगळं. तर ते म्हणाले, “अगं, मीपण तोच माल आहे. इतकी वर्षं झाली, आता रिजेक्ट करतेस का मला?” सासूबाईंनी पदर खोचला. मग त्या उठल्या आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेल्या, म्हणजे आमच्या घरात ठराव पास झाला.

मॅडमचं कारण चांगलं होतं, सासऱ्यांचंही चांगलं होतं. माझं कारण तिसरंच होतं, ते मी विपुललाही नंतर सांगितलं. तुझ्या रक्तातला तो दाणा माझ्यातही आहे. माझ्या लेकराच्या अंगातून तो डाग म्हणून खुडून टाकायची गरज नसताना मी खुडला असता, तर तुझ्याकडे कोणत्या तोंडाने पाहिलं असतं? मला उलट बरं वाटलं, की माझ्या बाळात माझ्या भावाचं काहीतरी असेल, जे तिला कधी दुखणार नाही. कान मिळतील हे तेव्हा ठाऊक नव्हतं! तर वेदू, आईने जिच्यासाठी चुनरी चढवली ती ही नव्हे. तो साफ साबुदाणा अजून नेपियर टाउनच्या टाकीत गारठून बसलाय, त्याची पाळी आली तर पुढे बघू. तुझी भाची वाहक आहे. तिच्यासाठी स्थळ बघताना नागपूरच्या काकांना चहातली साखर सोडून आधी रक्त बघायला लावीन. आणि गुणवंतराव तिला लाडाने डेव्हिएशनबाई म्हणतात. “आमची डेव्हिएशनबाई उठली का?” असं सकाळी अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. तिवारी आंटींना ते तिचं पाळण्यातलं नाव वाटतं. “बड़ा मॉडर्न नाम रखा है,” म्हणाल्या.

आणि तो अव्वल नंबरचा. त्याच्याबद्दल गप्प बसले तर हे पत्र खोटं होईल. तो आम्ही ठेवला नाही. मी त्या दिवशी क्लिनिकच्या जिन्यात बसून रडले. विपुल घाबरला, अगं तो नुसता ठिपका होता म्हणाला. मी म्हटलं, तो वेदू होता. पण वेदू, घरी आल्यावर माझी मलाच चूक कळली. तो वेदू नव्हता. त्याच्याबद्दल मला एकच ओळ माहीत होती, त्याला आजार आहे ही. तुझ्याबद्दल मला ती ओळ सोडून बाकी सगळं माहीत आहे. तू गुरुत्वाकर्षण सिद्ध करायला माझा स्टीलचा डबा गच्चीवरून टाकलास, भाजीसकट. तू बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांची दाढी करायचास आणि त्यांना मिशी ठेवू की नको विचारून हसवायचास. तुझ्या क्लासची पोरं अजून मला रस्त्यात थांबवून विचारतात, दीदी, सर कब आएँगे. हे कुठल्या चार पेशींत सापडणार होतं?

आता उत्तर. तेव्हा ही टेस्ट असती आणि आईने ती केली असती, तर बहुतेक तू नसतास. मी गोड बोलून हे टाळणार नाही, तू ते बरोबर पकडलं होतंस. मला त्या विचाराने आजही थंडी वाजते. पण मी जे नको म्हटलं ते तुझं दुखणं होतं, ती उशी दातात धरलेली दिवाळी होती. माझ्या पोरीने तसं दुखणं दाबत मला लाडू खायला पाठवू नये, एवढंच मला हवं होतं. तू मला हवाच आहेस, दुखण्यासकट, गोळ्यांसकट, न भांडण्याच्या अवगुणासकट. आणि ही टेस्ट आमच्यासाठी झाली तीच मुळी तुझ्या रक्तावरून. तू बाही वर केली नसतीस तर आज कूलरपुढे आ करून बसायला कोणी नसतं. घाटावरचं तिचं वाक्य तुला कसं लागलं ते मी आईला सांगितलं, सुखदा झाल्यावर. ती आधी चिडली, मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “मी तर त्याच्या दुखण्याचं बोलून राहिली होती गं, त्याचं काहून बोलीन? तो तर माझा जीव आहे.” तिला तुझ्याशी बोलायचंय, पण तू “जेवलो आई” म्हणून फोन ठेवतोस आणि तिला पुढचं वाक्य सुचत नाही. तिला पुढचं वाक्य तुझ्यासमोरच सुचेल.

आता पत्राचं खरं काम. सुखदाला सातवा महिना चालू आहे, आणि मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात हे तुला सासूबाईंनी नाही तर कोणी सांगावं! येत्या रविवारी, बावीस तारखेला करायचं ठरवलंय. इथले शेजारी पासनी म्हणतात, त्यांनीही पोरीसाठी वाट्या-चमचे आणून ठेवलेत. पोरगी भुकेली आहे रे. आम्ही जेवायला बसलो की प्रत्येक घासाबरोबर तिचं तोंड उघडतं आणि मिटतं, विपुलला तर वरण-भात गिळताना गुन्हेगार वाटतं. पण पहिला घास मामाने भरवायचा असतो. आई म्हणाली, वेदू नाही आला तर नागपूरच्या काकांचा योगेंद्र आहे, तोही मामाच लागतो. सासूबाई म्हणाल्या, गुणवंतराव भरवतील. मी दोघींना साफ नाही म्हटलं. सगळ्यांसमोर सांगून टाकलंय की खीर शिजेल, पोरगी पाटावर बसेल, आणि तिच्यासमोरच्या जागेवर तिचा मामा सोडून कोणीही बसणार नाही. आता माझी लाज तुझ्या हातात. रात्रीच्या गाडीत वरचा बर्थ घेऊ नकोस, एसीचा गार झोत अंगावर येतो, पाण्याच्या बाटल्या दोन घे आणि त्या रिकाम्या करूनच उतर. तू विचारलं होतंस ना, तुझ्या वेळी ही टेस्ट असती तर काय झालं असतं? तर रविवारी ती जागा रिकामी राहिली असती, आणि माझ्या लेकीला पहिला घास भरवायला या जगात कोणी नसतं. पण तू आहेस वेदू. ये, आणि तिला जेवू घाल.

वाट पाहणारी तुझीच,
दीदी